यादीत नसलेली सात घरे

मी, माधव बाळाजी राऊत, वय सहासष्ट, पूर्वी धरणाच्या कंपनीत पाहणी कारकून, हल्ली बागायतदार, राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, शुद्धीवर राहून आणि कोणाच्या दडपणाखाली न येता ही व्यवस्था लिहून ठेवतो. मला म्हातारचळ लागला असे पुतण्या सदा सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मुंबईकर ज्याला तलाव म्हणतात ती अडवलेली नदी आहे. ती पूर्वेला देशावर जात होती. कंपनीने तिला घाटमाथ्यावर कोंडले, बोगद्यातून पश्चिमेला वळवले, नळांतून कड्याखाली उतरवले आणि तिच्या जोरावर चक्रे फिरवून मुंबईला वीज नेली. माझ्या घरात अजून कंदील आहे. हे सारे मृत्युपत्रात कशाला, असे वकीलसाहेब विचारतात. माझे घर आणि नारळाची वाडी त्याच नोकरीवर उभी राहिली, म्हणून. वकिलांनी गुपचूप ऐकावे.

२. मोजणीची साखळी गावच्या शाळेला द्यावी. पोरांनी तिने रस्सीखेच खेळावी. मी तिचा याहून वाईट उपयोग केला आहे.

३. सदा गेल्या नाताळात मित्रमंडळींसह धरणावर सहलीला गेला. परत येऊन म्हणतो, "काका, काय जागा आहे! माणसाचा वारा लागलेला नाही." हा पदवीधर! हिवाळ्यात तिथे बदके उतरतात, पाणी काठोकाठ असते, शहाण्यांना छान वाटते. मे महिन्यात पाणी ओसरले की चिखलातून आंब्यांचे बुंधे आणि घरांची जोती वर येतात. तेव्हा तिकडे कोणी डबे घेऊन जात नाही.

४. १९१९ साली बुडणाऱ्या घरांची यादी मी केली. गेळ्याच्या वाडीत धनगरांची सात घरे होती, कारवीच्या कुडांची, शेणाने सारवलेली. तिथे मी ताक प्यालो. साहेब म्हणाला, कुडाची झोपडी म्हणजे घर नव्हे. नोकरी नवी होती. मी वाडीपुढे लिहिले, 'वस्ती नाही.' यादीत नाव नाही म्हणून त्यांना नोटीस नाही, बदली जमीन नाही. धरण भरले त्या पावसाळ्यात ती माणसे डोक्यावर गाडगी घेऊन घाट उतरली. आयुष्यभर मी साहेबाला शिव्या दिल्या, पण अक्षर माझे होते. मी नेभळट होतो आणि मला त्याची लाज वाटते.

५. त्याच वाडीची जनी वीस वर्षे माझ्याकडे कामाला आहे. गेल्या महिन्यात धीर करून तिला सगळे सांगितले. नागावचे घर आणि नारळाची वाडी तुझ्या नावे करतो म्हणालो. ती झावळ्या विणत होती. हात न थांबवता म्हणाली, "ठावं हाय, भाऊ. मी आठ वरसाची व्हते. तुमचं अक्षर आमास्नी वाचता येत न्हाय, पन तोंड वळखता येतं."

"मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?"

"तुमी बोलताय का, ते बगत व्हते."

६. मसुदा करताना वकील म्हणाले, जनीला काही द्यायचे असेल तर साक्षीला ती नको, दुसरे कोणी घ्या. घेणाऱ्याची साक्ष कोर्टात लंगडी पडते. जनी उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "त्या कागदाच्या येळी आमाला कुनी इचारलं न्हाय. घर र्‍हाऊ द्या. साक्षीला मी बसते." मी तासभर विनवले. ती ऐकेना.

७. सबब घर आणि वाडी सदाला जाईल, कारण दुसरे कोणी उरलेले नाही. जनीने नाकारलेले त्याला मिळते आहे, हे त्याने दारावर नावाची पाटी ठोकताना आठवावे.

८. माझी जुनी नोंद खोटी होती. गेळ्याच्या वाडीत वस्ती होती. घरे जनीने सांगितली तशी: धोंडू कोकरे, बाबाजी कोकरे, कान्हा आखाडे, नीराबाई आखाडे, चंदर ढेबे, लखू ढेबे, सोनूबाई गोरे.

हे वाचून पाहिले, बरोबर आहे. मुक्काम अलिबाग, तारीख १६ मे १९६१.

(सही) माधव बाळाजी राऊत

साक्षीदार:

(सही) विठोबा हरी पाटील, शाळामास्तर, नागाव.

(डाव्या हाताचा अंगठा) जनी, धोंडू कोकरे यांची मुलगी. राहणार ~~नागाव~~ गेळ्याची वाडी. खाडाखोड साक्षीदाराच्या सांगण्यावरून केली.