दोन हात दोरी

प्रिय बेडके,

तुझे फोटो मिळाले. एकूण अकरा, त्यातल्या नऊंमध्ये तुझा तो आहे. होडीवरच्या फोटोंत त्याचे सगळेच्या सगळे दात दिसतात. पाण्याखाली तोंडात नळी असते म्हणून तेवढी तरी सुटका. आईने चष्मा लावून पाहिले आणि मुलगा देखणा आहे म्हणाली. संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. जळतेय, हो. नाही म्हणून कुणाला फसवू?

आपली पाण्याने भरलेली खाण आहे तशीच आहे. विटांच्या कारखान्यामागचं तेच हिरवं पाणी, हाडं गोठवणारं, पसरलेला हात कोपरापर्यंत दिसला तर नशीब. बुडालेल्या क्रेनच्या केबिनमधला म्हातारा मासा अजून तिथेच बसतो आणि आपण भाडं थकवल्यासारखा बघतो. माझा रबरी पोशाख वाळत घातला की आई अजूनही न्हाणीघराच्या दारात दचकते. दवाखान्यातल्या सगळ्या मला म्हणतात, सुट्टी घे, उबदार समुद्रात जाऊन ये, डबक्यात काय ठेवलंय? नाही गेले की कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पण मला खाणच आवडते गं, तू होतीस तेव्हाही आवडायची.

आणि मी आले होते की तुझ्याकडे, तू गेल्यावर लगेचच. पाणी काचेसारखं, मासे लग्नाला निघाल्यासारखे नटलेले. उतरताना मी सवयीने मनगट पुढे केलं, दोरीसाठी. तू नकारार्थी मान हलवलीस. वर आल्यावर हसत म्हणालीस की इथे कशाला दोरी, सगळं तर दिसतंय. खरंच दिसत होतं. तू वीस हात लांब, त्याच्याबरोबर कुठलंसं कासव बघत होतीस, तेही मला स्वच्छ दिसत होतं. खाणीत आपल्यामध्ये दोन हात दोरी असायची. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे काहीतरी दिसलं. तू काही न पाहताच तीनदा ओढायचीस, उगाच, मला घाबरवायला, आणि वर आल्यावर मी तुला शिव्या द्यायचे. इतक्या जवळून मला कुणीच कधी छळलं नाही. तुझ्या त्या निळ्या पाण्याचा मला त्याच्याहून जास्त राग येतो.

आता जे सांगायचं ते सांगते, मध्येच फोन करू नकोस. एकट्याने खाणीत उतरायचं नाही, हा नियम तुला पाठ आहे. तू गेल्यापासून मी एकटीच उतरतेय. खाणीवर हवेचे सिलिंडर देणाऱ्या मास्तरांकडून दोन सिलिंडर घ्यायचे, तू गाडीत बसली आहेस म्हणायचं आणि वहीत सोबतीच्या रकान्यात तुझं नाव लिहायचं. बाहेर आले की काठावर बसून तुझ्या वाटणीची हवा सोडून द्यायची, म्हणजे दोन्ही रिकामे परत जातील. मागच्या रविवारी क्रेनच्या तारेत पाय अडकला. सुटला, पण त्या गडबडीत हवा सोडायची राहून गेली. मास्तरांच्या हाती भरलेला सिलिंडर आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली, त्या रकान्यावरून बोट खालपर्यंत नेलं, आणि आठ महिने तू गाडीत काय करत होतीस, एवढंच विचारलं.

आता सोबतीला दुसरं कुणी आणल्याशिवाय ते सिलिंडर देणार नाहीत. आमच्या दवाखान्यातली नर्स तयार आहे; पाण्याखाली उतरायला शिकलेली आहे, बडबडी आहे, तुला मुळीच आवडणार नाही. रविवारी तिचं नाव लिहायचंय. लिही, असं तू मला एका ओळीत कळव. आपणहून माझ्याच्याने ते होणार नाही.

अजून तरी तुझीच,
धोंडी