रकाना क्रमांक सात : पसंतीचा देश

दिनांक : ११ ऑगस्ट २०१७

प्रति,
मा. संचालक,
परदेशी बालक दत्तक कक्ष,
दक्षिण विभाग कार्यालय, ब्रिस्बेन.

विषय : दत्तक अर्जातील रकाना क्रमांक सात (पसंतीचा देश) भरण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत व माझ्या भावाच्या संमतीची फेरचौकशी होण्याबाबत.

संदर्भ : आपले २४ जुलैचे पत्र ("तीस दिवसांत यादीतील एक देश निवडून कळवावा, अन्यथा अर्ज बंद करण्यात येईल").

महोदया,

१. मी लुपे हावेआ, वय चव्वेचाळीस, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. माझे यजमान मनासे शाळेची बस चालवतात. आम्ही दोघे मूळचे टोंगाचे, हापाई बेटांवरचे. आम्हाला मूल नाही. माझा धाकटा भाऊ सेमिसी आणि त्याची पत्नी फाने तिकडेच राहतात. त्यांची सर्वांत धाकटी मुलगी हेइलाला हिला दत्तक घेता यावे, म्हणून आम्ही दीड वर्षापूर्वी आपल्याकडे अर्ज केला. हेइलाला नाताळात तीन वर्षांची होईल.

२. आपल्या पत्रासोबतच्या यादीत आठ देश आहेत. टोंगा त्यांत नाही. तरीही मी यादीचा तक्ता करून फ्रिजवर लावला आणि प्रत्येक देशाच्या अटी त्यात भरल्या. देश क्रमांक एकला चाळिशीच्या आतले अर्जदार हवेत. क्रमांक दोनला लग्नाला दहा वर्षे झालेली हवीत. आमच्या लग्नाला नऊ झाली. क्रमांक तीन आणि सहा यांना माझ्या यजमानांचे वजन त्यांच्या उंचीच्या मानाने चालत नाही. हे वाचून दाखवल्यावर यजमान म्हणाले, "हे मूल देणार आहेत, की जावई करून घेणार आहेत?" सासूबाईंना मात्र राग आला. "बारकी माणसं पोरं चांगली सांभाळतात, असं कुणी सांगितलं यांना? आपल्याकडे बाप बारीक दिसला तर शेजारी त्याच्या पोरांना जेवायला बोलावतात!" क्रमांक चारने सध्या अर्ज घेणे थांबवले आहे. सात आणि आठ फक्त मोठी मुले देतात.

उरला देश क्रमांक पाच. त्याच्या सर्व अटींत आम्ही बसतो. त्या देशाविषयी माझी कसलीही तक्रार नाही. तिथली मुलेही मुलेच आहेत. परंतु यादीतला कोणताही देश निवडताना पुढील घोषणेवर सही करावी लागते : "आमच्या मनात कोणतेही विशिष्ट मूल नाही." माझ्या मनात एक विशिष्ट मूल आहे. मी रोज पाण्याच्या अहवालांवर सह्या करते आणि जे आढळले नाही ते आढळले असे किंवा जे आढळले ते आढळले नाही असे आजवर कधी लिहिलेले नाही. त्यामुळे क्रमांक पाच निवडता येत नाही. काहीच निवडले नाही तर अर्ज बंद होईल, आणि नोव्हेंबरात मला पंचेचाळीस पूर्ण होत असल्याने नवा अर्ज करता येणार नाही.

३. मूळ अर्ज "नात्यातील बालक" या कलमाखाली होता. तो कशाने अडला हे फाईलमध्ये त्रोटक आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे बाळाचे नाव आत्या ठेवते. हेइलाला हे नाव मी ठेवले. भावाच्या घरात आत्येचा शब्द सर्वांच्या वर असतो, मुलांच्या आईच्याही. हा मान मी मागून घेतलेला नाही. मी थोरली बहीण म्हणून जन्मले, एवढेच. हेइलालाच्या पहिल्या वाढदिवसाला मी तिकडे गेले होते. जेवणे झाल्यावर, सर्वांसमोर, मी भावाला म्हटले, "ही मला दे." त्याने क्षणाचाही विचार न करता तिला माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "तुझीच आहे, ताई." फाने तेव्हा ताटे उचलत होती.

आपल्या कार्यालयाच्या समाजसेविका श्रीमती टेट यांनी गेल्या वर्षी व्हिडिओवरून सेमिसीची मुलाखत घेतली. दुभाषी मिळाला नाही, म्हणून ते काम त्यांनी मलाच सांगितले. सेमिसी चर्चच्या खोलीत, मान राखायचा तर आमच्याकडे कमरेला बांधतात ती समारंभाची चटई बांधून, खाली मान घालून बसला होता. श्रीमती टेट यांनी "नजर टाळतो" अशी नोंद केली आहे. नोंद बरोबर आहे. वयात आलेला भाऊ बहिणीच्या नजरेला नजर देत नाही, तिच्यासमोर थट्टामस्करी करत नाही, ती खोलीत आली तर बहुधा उठून जातो. त्या दिवशी त्याला उठून जाता येत नव्हते.

श्रीमती टेट यांनी विचारले, "बहिणीला नाही म्हणता आलं असतं का तुम्हाला?" मी त्याचे भाषांतर केले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, या बाईंना कुठलं उत्तर हवंय? ते सांग, मी तेच म्हणतो." दुभाष्याने जे बोलले गेले तेच सांगायचे असते, म्हणून मी तेही सांगितले. तेव्हा त्यांनी मला विचारले, "तुमचं काय मत?" मी म्हटले, "नाही. भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही."

हे वाक्य अहवालात जसेच्या तसे आले आहे. त्याखाली निष्कर्ष आहे : "संमती मुक्त असल्याचे सिद्ध होत नाही."

४. श्रीमती टेट माझ्याशी नेहमी चांगल्याच वागल्या. मुक्त संमती सिद्ध कशी करायची, असे मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, कधीतरी, कशाला तरी त्यांनी तुम्हाला नकार दिला असेलच. एखादं उदाहरण द्या, पुरे." मी आठवून पाहिले. लहानपणी मी त्याचा मासेमारीचा गळ मागितला होता, त्याने दिला. त्याने हाताने वाढवलेले डुकराचे पिल्लू माझ्या पदवीच्या जेवणासाठी मागितले, त्याने दिले आणि स्वतः जेवायला आला नाही. याखेरीज काही आठवले नाही. उदाहरण मिळेना, तेव्हा मी ते निर्माण करण्याचे ठरवले आणि त्याला फोन केला. संभाषण थोडक्यात असे :

"सेमिसी, एक काम कर. मला नाही म्हण."
"कशाला नाही म्हणू?"
"मुलीला."
"का? आता नकोय का तुला?"
"हवीये रे. तरी म्हण. सरकारला दाखवायचंय."
"बरं बाई. तू म्हणतेस तर नाही म्हणतो."

त्याने लगेच पत्र लिहून, गावच्या अधिकाऱ्याचा शिक्का घेऊन, परस्पर आपल्या कार्यालयाकडे पाठवले. मजकूर : "माझ्या थोरल्या बहिणीच्या आज्ञेवरून मी तिला नकार देत आहे." आपल्या कार्यालयाने "संमती मागे घेतली" असा शेरा मारला. मी पुन्हा फोन केला. दुसरे पत्र आले : "माझ्या थोरल्या बहिणीच्या आज्ञेवरून मी नकार मागे घेत आहे." त्यावर नात्यातील बालकाचे कलम यापुढे लागू होत नाही, यादीतील देश निवडावा, असे आपले संदर्भीय पत्र आले. यजमान म्हणाले, "तुझा भाऊ सोन्यासारखा आहे गं. सांगशील त्या बाजूनं होडी बुडवतो."

५. तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करत आहे आणि श्रीमती टेट यांचा निष्कर्ष मला खोडता आलेला नाही. सेमिसीचा होकार आज्ञापालन आहे. मी मागितलेला नकारही आज्ञापालनच आहे. "तुला खरे वाटते ते सांग," असे म्हटले तर तीही आज्ञाच होईल, आणि मला जे खरे वाटत असेल असे त्याला वाटते ते तो सांगेल. प्रत्येक नमुन्याला एकच आकडा दाखवणारे उपकरण प्रयोगशाळेत आले, तर सगळे नमुने सारखे आहेत असे आम्ही लिहीत नाही. उपकरण बाजूला ठेवतो. इथे उपकरण मी आहे.

६. म्हणून माझ्याशिवाय काही दिसते का, ते मी पाहू लागले. मी दर काही महिन्यांनी हेइलालाला कपडे पाठवते. माप फानेला विचारते. फाने म्हणते, "लहानच आहे हो ती अजून, वन्सं. दीड वर्षाच्या मापाचेच पाठवा." मागच्या खेपेलाही तिने हेच माप सांगितले होते आणि त्याआधीही. गेल्या महिन्यात भाच्याने फोटो पाठवला. हेइलाला मी पाठवलेला झगा घालून घरामागच्या पाण्याच्या टाकीला टेकून उभी आहे. त्या टाकीच्या पत्र्यावर आडव्या कड्या आहेत. मागच्या भेटीत पाण्याचा नमुना घ्यायला मी त्या टाकीवर चढले होते, त्यामुळे दोन कड्यांमधले अंतर मला ठाऊक आहे. मुलीची उंची तिच्या वयाला साजेशी आहे, किंबहुना थोडी जास्तच. झगा गुडघ्याच्या बराच वर आहे आणि काखेत काचतो आहे.

मी फानेला विचारले. ती म्हणाली, "तुमचं मोजमाप काही सुटत नाही, वन्सं. फोटोत असंच दिसतं. एवढीशी तर आहे, मांडीवर मावते. थोडी मोठी होऊ दे की, मग न्या." मग न्या, हे ती गेल्या वर्षीही म्हणाली होती.

फाने खोटे बोलणारी बाई नाही. तिला मला नाही म्हणता येत नाही, म्हणून ती मुलीला मोठी होऊ देत नाही, असा याचा एक अर्थ होतो. दुसराही होतो. घरात आणखी चार मुले आहेत, कपडे एकाचे दुसऱ्याला जातात, आईला माप लक्षात राहत नाही. फानेनेच मला एकदा म्हटले होते, की थोरलीला शिकवायला जमले नाही, निदान ही तरी तुमच्यासारखी शिकेल. तेही तिने मनापासून म्हटले असेल. माझ्याजवळ एक निरीक्षण आहे, निष्कर्ष नाही.

७. मला ती मुलगी हवी आहे, याविषयी आपल्या मनात शंका राहू नये. तिचे दात कुणाला दाखवायचे आणि ती कुठल्या शाळेत जाईल, इथपर्यंत माझे ठरले आहे. ती शाळा यजमानांच्याच बसच्या वाटेवर आहे.

मला माघारही घेता येत नाही. "आता नको" असे मी म्हटले, तर गावात त्याचा एकच अर्थ होईल : आत्येने मागून घेतलेली मुलगी आत्येनेच परत टाकली, म्हणजे मुलीत काहीतरी खोट असणार. हे बोलणे तिच्या लग्नापर्यंत तिच्या मागे राहील. सेमिसी मला कारण विचारणार नाही. तो आपले काय चुकले ते शोधत बसेल.

थोडक्यात, मला मुलगी घेता येत नाही, सोडता येत नाही आणि तिच्याऐवजी दुसरा देश निवडता येत नाही.

८. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) रकाना क्रमांक सात भरण्यास चौकशी पूर्ण होईपर्यंत मुदत मिळावी.

(ब) सेमिसी आणि फाने यांच्याशी आपल्या कार्यालयाने नव्याने व स्वतंत्रपणे बोलावे. दुभाषी बाई असावी, टोंगाची असावी, पण हापाईची किंवा आमच्या चर्चमधली नसावी. नवरा-बायकोला एकत्र बसवून विचारू नये. चौकशीचा दिवस मला कळवू नये. माझे नाव शक्य तितके कमी घ्यावे.

(क) दोघांनीही होकार दिला, आणि तो होकार आहे असे आपल्या माणसाला खरोखर वाटले, तर अर्ज नात्यातील बालकाच्या कलमाखाली पुन्हा चालवावा. मला दुसरा देश नको.

(ड) दोघांपैकी कुणीही नाही म्हटले, किंवा गप्प राहिले, तर तो नकार समजावा. आमच्याकडे गप्प राहणे हा बऱ्याचदा नकारच असतो, फक्त तो ऐकून घ्यायची आम्हाला सवय नाही. अशा वेळी ते काय बोलले, कोण बोलले, हे मला कधीही सांगू नये, मी पुढे माहितीच्या अधिकारात मागितले तरी. "आपला अर्ज नियमात बसत नाही," असे एका ओळीचे पत्र पाठवावे. कोणता नियम, ते लिहू नये.

या विनंतीला माझ्या यजमानांची संमती आहे. सही करताना ते म्हणाले, "जन्मभर लोकांना अहवाल वाचायला लावलेस, आणि आता स्वतःचाच न वाचता फाईल करायला सांगतेस होय!" मग बराच वेळ ते बस धूत होते.

तसे पत्र आले, तर मी भावाला फोन करून सांगेन, की सरकारने नाकारले. तो माझ्या बाजूने सरकारला चार शिव्या देईल. फानेही मागून दोन देईल. आपल्या कार्यालयाने त्या कृपया सोसाव्यात. त्यानंतर आम्हा दोघी नणंद-भावजयींना एकमेकींशी बोलता येईल.

आपल्या उत्तराची, ते कोणतेही असो, वाट पाहणारी,

लुपे हावेआ
(सही)

मनासे हावेआ
(सही)

सोबत :
१. सेमिसीची दोन पत्रे, भाषांतरासह. भाषांतर या वेळी दुसऱ्याकडून करून घेतले आहे.
२. हेइलालाचा टाकीजवळचा फोटो, कड्यांमधील अंतराच्या टिपणासह.
३. सेमिसीचा फोन क्रमांक. रविवारी प्रार्थनेनंतर तो घरी असतो. मी रविवारी फोन करणे थांबवले आहे.
४. फानेचा वेगळा फोन क्रमांक. प्रश्न विचारल्यावर ती आधी तिकडच्या हवेची चौकशी करेल. थोडे थांबावे.