वरच्या मजल्याचं वायफाय

३ फेब्रुवारी २०१३, रविवार
ऑफिसातल्या त्रिपाठीकडे पोलीस येऊन गेले. त्याचं वायफाय उघडं. त्यावरून कोणीतरी एका कॉलेजला धमकीची मेल टाकली. कनेक्शन त्याच्या नावावर, त्यामुळे जबाबही त्यानंच द्यायचा.
आमचं तरी काय वेगळं? नाव माझं, पासवर्ड एक ते आठ आकडे. वर घरमालक सक्सेनाजी तेच वापरतात आणि आल्यागेल्याला पाणी विचारावं तसा पासवर्ड विचारतात. राउटरच्या आतला पासवर्डही कंपनीनं दिलेला, तसाच. पीएचडी करून ही अक्कल! आज दोन्ही बदलले.

५ फेब्रु.
नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. सक्सेनाजींना सांगितला की अख्ख्या जानकीपुरम मोहल्ल्याला कळला. उपाय सापडला: राउटरमध्ये यंत्रांची यादी करायची. प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर असतो. तो यादीत असेल तर आत, नाहीतर पासवर्ड माहीत असूनही बाहेर. माझा आणि बायकोचा लॅपटॉप, चिन्मयचा फोन, वरचा जुना लॅपटॉप. बास.
वर जाऊन त्यांच्या लॅपटॉपचा नंबर घेतला. सक्सेनाजी : "आप जैसा मुनासिब समझें, डॉक्टर साहब।" आंटीजींनी गाजराचा हलवा दिला. मुलगी मस्कतला, पहिलटकरीण, दिवस भरत आलेत. निम्मा वेळ तेच बोलणं.

९ फेब्रु., शनि.
चोर सापडला! राउटरच्या नोंदीत एक परकं यंत्र. संध्याकाळपासून सारखं आत यायला बघतंय. पासवर्ड बरोबर देतंय, म्हणजे कुणीतरी सांगितलेला. ब्लॉक केलं, कायमचं.
चिन्मय म्हणाला, "बाबा, सामने हॉस्टल वाला कोई होगा।" हा मुलगा माझ्याशी मराठीत कधी बोलणार देव जाणे.
विद्या म्हणाली, कोण आहे ते शोधायला नको? म्हटलं, चोराचं नाव कशाला हवं, कडी घट्ट असली की झालं.

१७ फेब्रु.
सगळं बिनबोभाट. वरून एकही तक्रार नाही. ऑफिसात सगळ्यांना यादीची पद्धत समजावली. थोडी बढाईही मारली.

२४ फेब्रु.
सक्सेनाजींना नातू झाला. लाडू आले. काल झाला म्हणे. फोनवर रडणं ऐकवलं मुलीनं. मी विचारलं, कुणासारखा दिसतो? आंटीजी नुसत्या हसल्या.

२ मार्च
विद्या सब्जी घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली. मग सांगितलं. बाजारातल्या सायबर कॅफेत सक्सेनाजी आणि आंटीजी बसलेले. दोघांत एकच हेडफोन, एकेक कान वाटून घेतलेला. पडद्यावर बाळ. ती आत गेली नाही.
घरात नेट असताना? लॅपटॉप बिघडला असेल म्हटलं. वि. : "असेल. पण विचार तरी."

३ मार्च, रवि.
विचारलं. लॅपटॉप धड आहे, पण त्याला कॅमेराच नाही. म्हणून जावयानं गेल्या महिन्यात टॅब्लेट पाठवला, खास बाळ बघायला. तो कधी जोडलाच गेला नाही. टेबलावर पडलाय, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही.
मी : तो बताया क्यों नहीं?
"अरे, आपने नया इंतज़ाम किया था। सोचा, कोई मजबूरी होगी। कहना अच्छा नहीं लगा।"
टॅब्लेटचा नंबर उघडून पाहिला. माझा चोर.
"राउटर की गड़बड़ थी," म्हणालो. चहा प्यायलो. खाली येऊन नंबर यादीत घातला. फार वाईट वाटतंय. आणि रागही येतोय. कसली ही सभ्यता! आमच्या साताऱ्यात पहिल्याच संध्याकाळी जिन्यातून हाक आली असती.
वि.ला सगळं सांगितलं. "राउटरची गडबड?" एवढंच म्हणाली.

१० मार्च
नोंदी पाहिल्या. तो नंबर आठवडाभरात एकदाही आलेला नाही. जुना लॅपटॉपही नाही. दार उघडं आहे, पण कुणी येत नाही. वर जाऊन विचारावं का? काय विचारणार?

१६ मार्च
वर दुसऱ्या कंपनीचा माणूस वायर ओढत होता. सक्सेनाजी जिन्यात भेटले. "अलग ले लिया, डॉक्टर साहब। हमारी वजह से आपको बड़ी ज़हमत होती थी।" घर त्यांचं, आणि अजिजी तेच करतायत.
खरं काय ते ओठांवर आलं होतं. "अच्छा किया" म्हणालो. गाढव आहे मी.

१७ मार्च, रवि.
लॅपटॉपवर नवं नेटवर्क दिसतंय. सक्सेना. कुलूप नाही, काही नाही, कुणीही यावं. सांगायलाच हवं म्हणून उठलो. अर्ध्या जिन्यात असताना सक्सेनाजी वरून म्हणाले, "डॉक्टर साहब, हमने पासवर्ड रखा ही नहीं। कभी आपका न चले तो पूछिएगा मत, बस जोड़ लीजिएगा।"
शुक्रिया म्हणून परत फिरलो.
वि. विचारते, सांगितलंस का कुलूप लावायला? कोणत्या तोंडानं सांगू?
तिचं म्हणणं, आधी दुसरं काहीतरी सांगायचं राहिलंय, ते सांग. खरंय. पण आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत. वरून हसण्याचे आवाज येतायत, सगळ्यांना नातू दाखवणं चाललंय.