ठकीचं तोंड

९ ऑक्टोबर

दात काढले. सगळे! एकही ठेवला नाही. ठकीचे म्हणतेय, माझे जाऊन जमाना झाला.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, या वयात हिनं भूल सोसली हेच खूप." मूत्रपिंडं आधीच थकलेली. पण आली बया शुद्धीवर, आणि पहिलं काम काय केलं? डॉक्टरणीवरच फिस्कारली. दात नाहीत पण मिजास शाबूत. माझ्या हाताखाली वाढलीय.

गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलंय, जखम खाजवू नये म्हणून. आधी नरसाळं खोलीत शिरतं, मग मांजर. दाराला आपटली की माझ्याकडे बघते, दार जसं मीच तिथं लावलं!

ही वही म्हणजे नातीची कृपा. ती शिकायला बाहेरगावी. जाताना फोनमध्ये सोय करून गेली — ठकीचं चित्र दाबायचं, मग माइक दाबून बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. झालं की बाण दाबायचा. "आजी, तुझ्याशिवाय कुणी वाचणार नाही." मी तरी कुठे वाचणार? शाळेची पायरी चढले नाही कधी. पण बोललेलं कुठेतरी राहतं, हे बरं वाटतं. या घरात माझं बोलणं जेवणाच्या टेबलापलीकडे टिकत नाही.

१० ऑक्टोबर

खाल्लं नाही. तोंडसुद्धा लावलं नाही.

रात्री जेवताना चिरंजीव सुरू झाले. "चौदा वर्षांची मांजर, आई. आता बिनदातांची. काय करणार ती पुढे?"

मी कवळी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, "मी करते तेच."

घास तोंडातच राहिला त्याचा! सूनबाई "अहो आई, टेबलावर?" म्हणाली आणि कवळीवर कागदी रुमाल टाकला. तोंडावर पांघरूण घालतात तसा.

सूनबाईला मी हेडबाई म्हणते. मनातल्या मनात. ऑफिसातून आली की पर्स खाली ठेवायच्या आधी हजेरी — औषध दिलंत? सगळं गेलं पोटात? थुंकली तर नाही? मांजराची काळजी वगैरे काही नाही हो. तिला सोफ्यावरचे केस तेवढे दिसतात.

११ ऑक्टोबर

डॉक्टरणीनं बिनसुईची सिरिंज दिलीय. पातळ खाणं आणि औषध गालाच्या कोपऱ्यातून हळूच सोडायचं. सांगायला काय जातंय! माझा हात थरथरतो, ठकीचं डोकं नरसाळ्यात गरगर फिरतं, औषध गेलं माझ्या बाहीत. निम्मं तरी. झटकन झगा बदलला. घरात सांगितलं नाही. सांगितलं तर हातातून काढून घेतील — आधी सिरिंज, मग ठकी.

बोलून बाण दाबला की पानाखाली बरोबरच्या दोन खुणा येतात. आधी राखाडी, थोड्या वेळानं निळ्या. बाई तपासून देतात तशा. म्हणजे वहीला माझं पटतंय. कुणाला तरी पटतंय!

१२ ऑक्टोबर

नवलच! सकाळी हेडबाई ऑफिसचे कपडे करून आली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. "मी डोकं धरते, तुम्ही औषध द्या." सिरिंजला हात लावला नाही. नुसतं डोकं धरलं, दोन्ही हातांनी, नरसाळ्यासकट. एक थेंब वाया गेला नाही. कुठून सुचलं कोण जाणे. माझा धाक, दुसरं काय!

कपड्यांवर केस चिकटले, तेही झटकले नाहीत. जाताना दारातून म्हणाली, "चला, हेडबाई निघाल्या."

मी थंडच! हे नाव मी तिच्यासमोर घेतलेलं नाही. नातीसमोर कधी तोंडातून गेलं असेल. कार्टी फितूर.

१३ ऑक्टोबर

डॉक्टरणीकडे जाऊन आलो. जखम छान. पण वजन उतरलंय. सिरिंजनं जातं ते पुरत नाही आणि मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडतं म्हणे. शनिवारपर्यंत स्वतःहून खाल्लं नाही तर मानेतून नळी घालावी लागेल.

गाडीत चिरंजीव आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "नळी नको आई. हाल आहेत ते. त्यापेक्षा शांतपणे झोपवू तिला."

म्हटलं, "आधी मला झोपव. मी वयानं मोठी."

"आई, तू प्रत्येक गोष्ट स्वतःवर का घेतेस?"

"कारण तू प्रत्येक गोष्ट माझ्या वयावर नेतोस!"

सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. तिनं कुणाचीच बाजू घेतली नाही. ठकी माझ्या मांडीवर, टोपलीत. नरसाळ्यातून सगळं ऐकत असणार, कर्ण्यातून ऐकावं तसं.

झोपवणार म्हणे! बघू कोण कुणाला झोपवतंय.

१४ ऑक्टोबर

हे फक्त वहीत.

ऑपरेशनचा हट्ट माझा. ती एका बाजूनं चावायची, मान वाकडी करून. चावता चावता मध्येच थांबायची, कुणी हाक मारल्यासारखी. ते मलाच दिसलं, बाकी कुणाला नाही. "राहू दे, वय झालंय" असं सगळे म्हणत होते. मी नाही राहू दिलं. आता गेली, तर माझ्या हट्टानं गेली. दिवसभर तोंड वर करून फिरते मी, पण आत पाणी पाणी झालंय.

आणि एक. माझे दात काढले तेव्हा लोकांसमोर मला घास गिळवत नव्हता. भूक मरणाची! पण सगळे तोंडाकडे बघत बसायचे. सगळे घराबाहेर गेले, तेव्हा भिंतीकडे तोंड करून जेवले. ठकीभोवती आम्ही काय करतोय? बशी ठेवली की तिघं वाकून उभे, मुलगी बघायला आल्यासारखे! पण हे बोलू कुणाला? म्हणतील, म्हातारी आता मांजराच्या मनातलंही वाचायला लागली. एरवी अक्षर वाचता येत नाही!

निळ्या खुणा लगेच आल्या. आज वही जागीच होती.

१५ ऑक्टोबर

सकाळी सूनबाई कप विसळता विसळता म्हणाली, "आई, दुखत होतं तिला. तसंच ठेवलं असतं तर ते बरं झालं असतं का?"

म्हटलं, "मी काही म्हणाले का?"

"तुम्ही नाही. मीच म्हणतेय."

पाठमोरी होती. नळ मोठा सोडला तिनं.

संध्याकाळी आणखी एक. चिरंजीव मॅच लावून पाय पसरतात न पसरतात तोच ही उभी. "उठा. तुम्हाला बूट घ्यायचेत."

"मला? बूट?"

"हो. आत्ताच्या आत्ता."

टीव्ही बंद, माणूस दाराबाहेर! जाताना मला म्हणाली, "सावकाश येऊ आम्ही. बराच वेळ लागेल."

घर रिकामं. मी कवळी काढली. ठकीचा मऊ लगदा कोमट केला, वाटीतून काढून पसरट बशीत घातला, कारण वाटीच्या काठाला नरसाळं अडतं. बशी तिच्यापुढे ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसले. गुडघे काय बोलले ते सांगायला नको. माझा भात कालवला आणि खाल्ला, मचमच आवाज करत, एरवी सूनबाई ओरडेल असा.

काही नाही. काहीच नाही.

मग खर्र. प्लास्टिक बशीला घासल्याचा आवाज. पुन्हा खर्र. मग चप चप चप!

मागे बघितलं नाही. मान वळवायची खाज सुटली होती नुसती! घास हातात धरून भिंतीकडे बघत बसले. भात केव्हा खारट झाला कळलं नाही.

बशी चाटूनपुसून साफ. नरसाळंसुद्धा आतून बरबटलेलं.

ते दोघं परत आले. चिरंजीवांच्या हातात बुटांचा खोका, चेहऱ्यावर गोंधळ. सूनबाईनं आधी बशी बघितली. मग मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत बसली.

१६ ऑक्टोबर

नळी नाही! डॉक्टरीण म्हणाली, "आजी, काय जादू केलीत?" म्हटलं, "चिरंजीवांना बूट घेतले." तिला कळलं नाही. मला तरी कुठे कळलंय? चिरंजीवांनी येताना ठकीची टोपली स्वतः उचलली, नवे बूट घालून. चावताहेत म्हणाला. मी काही बोलले नाही. एवढं पुण्य केलं.

उद्या नात येतेय.

१७ ऑक्टोबर

वही कोरी आहे. नातीनं उघडून दाखवली. एक अक्षर नाही!

फोनमध्ये ठकी दोन निघाल्या. एक वहीवरची. दुसरी सूनबाईच्या नावाशेजारी. स्वतःच्या फोटोच्या जागी तिनं ठकीचं तोंड लावलंय. "आजी, तीन-चार वर्षं झाली की!" मला नाव वाचता येत नाही, मी तोंड बघून दाबत गेले. रोज तिलाच.

तर हेडबाई. सोफ्यावरच्या केसांचं तेवढं मागे घेते. बाकी एक शब्द नाही. उद्या नरसाळं काढायचंय, डोकं तू धर.

वही राहू दे कोरी. मी इथेच बोलणार. वाचलंस ना? कर निळं.