अंबूबाईची माती

६ जानेवारी
मलकापूरला रेल्वेतून उतरले आणि एसटीने घाट चढून बुलढाण्यात आले. थंडी मस्त आहे. माती परीक्षण प्रयोगशाळेतली माझी पहिली नोकरी! दोनच खोल्या, पण ऊन खिडकीतून सरळ टेबलावर येतं. मदतनीस तुळशीराम काका इथे पंधरा वर्षं आहेत. त्यांनी फ्रिज उघडून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली दाखवली आणि बजावलं, "मॅडम, पाण्यावानी दिसते, पन पाणी नोय. हातमोजे घालत जा." एकदा थेंब उडाला तर त्यांचं बोट चुन्यासारखं पांढरं पडलं होतं म्हणे. घरी फोन करून सांगितलं, तुमची स्वरदा खुशीत आहे.

९ जानेवारी
काम हाताला बसलं. मातीत वाळू किती, चिकणमाती किती हे मोजायचं, तर आधी तिच्यातलं जे कधी जिवंत होतं ते काढावं लागतं. मुळ्या, शेण, मेलेले किडे. पेरॉक्साइड ओतलं की माती फसफसते आणि ते सगळं जळून जातं. फेस थांबला की उरते ती निव्वळ माती.

दुपारी संग्रामपूरकडून अंबूबाई आली. फडक्यात किलोभर माती. शेत तिचं नाही. ती जिथे मजुरीला जाते त्या मालकाचं. तिची सतरा वर्षांची करिष्मा दीड वर्षापूर्वी त्याच शेतातून घरी परतली नाही. पळून गेली, असं गाव म्हणतं. अंबूबाई म्हणाली, "साऱ्या वावरात कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढी, अन् एकाच जागी माह्या डोक्याच्या वर. काऊन? तुम्ही शिकल्या-सवरल्या. पाहून सांगा."
पाहते म्हटलं.

१० जानेवारी
चाळणीवर दाढ राहिली. माणसाची.

मी आधी तिला चुनखडी म्हटलं, मग बकरीची म्हटलं. प्रयोगशाळेचे मालक हर्षल सर कालच सांगत होते, त्या शेतमालकाच्या शब्दावर आजूबाजूच्या गावांतले नमुने आपल्याकडे येतात. पोलीस, साक्ष, कोर्ट, आणि मी चार दिवसांची नवखी. दाढ कचऱ्यात टाकली. गाडी आली, घेऊन गेली. पुढे कुणी विचारू नये म्हणून, चमचाभर लागते तिथे सगळी माती मोठ्या बीकरमध्ये ओतली. वर पेरॉक्साइड.

१२ जानेवारी
फेस थांबत नाही. काळ्या मातीत मँगनीज असतं, त्यानेही फसफसतं, असं वहीत लिहिलं. पण परवापासून नवा थेंब घातलेला नाही. शेगडी बंद आहे, तरी बीकर गरम. ताप आलेल्या कपाळाइतका. तुळशीराम काका त्या टेबलाकडे फिरकत नाहीत.

१५ जानेवारी
अंबूबाई आली. मी छापील अहवाल हातात दिला: माती सर्वसाधारण. तिला वाचता येत नाही. काही निघालं का, तिने विचारलं. नाही म्हणाले.
"मंग उरलेली माती वापस द्या, बाई. मालकानं वावर खोल नांगरलं. आता तेवढीच हाय माह्यापाशी."
मी आत गेले. खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीतली माती उकरून तिच्या फडक्यात बांधली. तिने ते गाठोडं छातीशी धरलं. जाताना माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.
जेवले नाही.

१७ जानेवारी
बीकर बेसिनमध्ये रिकामा केला. तासभर नळ सोडला. फेस भोकातून वर येतोय. काकांनी कान लावला. म्हणाले, "मॅडम, हे श्वास घेऊन राह्यलं." रजेचा अर्ज ठेवून गेले.

१८ जानेवारी
पेला विसळला — फेस. साध्या पाण्याने. तोंड धुतलं — आरशात बघवलं नाही. तळवे पांढरेफटक. मोजे घातले होते, शपथ —

१९ जानेवारी, सकाळी १०
अंबूबाईच्या शेजाऱ्याला फोन लावून तिला फोनवर बोलावलं. सगळं सांगितलं. दाढ. बीकर. कुंडी. पोलिसांसमोर बोलेन म्हणाले. ती म्हणाली —
"मले तवाच समजलं. त्यात मोगऱ्याची मुळी होती. पन पोरीवानी दिसता, आपनहून सांगसान म्हणून वाट पाहून राह्यली."
रडले. ती नाही रडली. फक्त म्हणाली, "ते नळीतच हाय ना अजून? पाणी सोडू नका. मी निंगतो."

साडेबारा
फेस उतरतोय. खाली निघालाय. जाऊ द्यायचा नाही — तळहाताने भोक दाबलं —

दीड
उजव्या हाताने लिहितेय. डावा तिथेच. गरम लागतंय. बोटं लागली. पाच. माझी सोडून —

अंबूबाई वाटेतल्या मोताळ्यापर्यंत आली असेल. करिष्माला सांगितलं, आई येतेय, थोडं थांब. सोड मला — नाही, सोडू नकोस, तिला येऊ दे —

मनगट आत — भोक एवढंसं, आणि ती अजून ओढ