पंपरूममागचा ढीग

२२ नोव्हें., शनि.
जुईनगरच्या सोसायटीची सगळी हेज कापून झाली. मेंदी, डुरांटा, मागच्या भिंतीची बोगनवेल. पाठ गेली. त्यात सेक्रेटरी देशमुख मॅडमनी गेटवरच गाठलं. मागच्या वेळी आमच्या टेम्पोवाल्यानं पाला तुर्भ्याला रस्त्याकडेला ओतला, कुणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत सोसायटीच्या ग्रुपवर. आता पाला बाहेर न्यायचा नाही. पंपरूममागे खत करून दाखवायचं. महिन्यानं कमिटी बघणार, मगच पुढच्या वर्षाचं काम.

तसं मलाही हे हवंच होतं. हिराबाईचा गुडघा गेलाय. दिवसभर कात्री घेऊन उभं राहणं तिला जमत नाही, आणि बारा वर्षं माझ्याकडे काम केलेल्या बाईला घरी बस म्हणायला माझी जीभ उचलत नाही. तिला सांगून टाकलं, ढीग तू सांभाळायचा. ढीग राहिला तर तिचं काम राहील. साधं आहे.

२५ नोव्हें., मंगळ.
कसलं साधं. ढीग कुजायला तयार नाही. नुसत्या काड्या. हिराबाई पाणी मारते, वाळतं, परत मारते. काहीतरी ओलं पाहिजे. भाजीचा कचरा मागितला तर मॅडम म्हणाल्या, उंदीर होतील.

मग डोकं चालवलं. परवापासून मार्गशीर्षातले गुरुवार. घरोघर लक्ष्मीची पूजा, आणि शुक्रवारी फुलं टाकायची कुठे ही घरोघर पंचाईत. पाटी रंगवून घेतली : 'निर्माल्य येथे टाकावे. देवाचं फूल मातीला.' स्वतःवर खूश आहे.

(नंतर लिहितोय : इथेच चुकलो.)

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळी दहापर्यंत ढीग पिवळाधमक. झेंडू, शेवंती, आंब्याचे डहाळे, विड्याची पानं. सोबत प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक काच फुटलेली तसबीर, दोन चुनऱ्या. हिराबाईनं सगळं बसून वेगळं केलं. तसबीर कुठे ठेवायची ते कळेना, पंपरूमच्या कट्ट्यावर ठेवली. संध्याकाळी ढिगात हात घातला, गरम. म्हणजे कुजायला लागला. चाललं.

३० नोव्हें., रवि.
तसबिरीपुढे उदबत्ती. पहिल्या मजल्यावरचे नाईककाका लावून गेले म्हणे. रिटायर माणूस, वेळ जात नाही. जाऊ दे.

३ डिसें., बुध.
ढीग उलथायचा दिवस. उलथला नाही तर हवा जात नाही, आतून सडतो. हिराबाईच्या हातात फावडं दिलं, तिनं भिंतीला टेकवून ठेवलं.

"मी नाय मारनार फावरा. देवाची फुला हान ती."
म्हटलं, अगं सडली की ती.
"सरू दे. पन फावरा नाय."

बारा वर्षांत एकदा नाही म्हणाली नव्हती ही बाई. शेवटी मीच घेतलं. दोन घाव घातले तोच वरून नाईककाका : "अहो, चपला तरी काढा."

काढल्या. डुरांटा, बोगनवेल, दोन्हीचे काटे. दहा मिनिटांत तळपायाची चाळण झाली. अर्धा ढीग तसाच सोडला. घरी सुईनं काटे काढताना बायको हसत होती. मला काही हसू आलं नाही.

५ डिसें., शुक्र.
दुसरा गुरुवार झाला. दुप्पट फुलं. आता तिथे तीन तसबिरी, एक नारळ, भिंतीवर कुंकवाची बोटं. ढिगाभोवती कुणीतरी विटा लावून चुना मारलाय.

देशमुख मॅडम : "तुम्हाला खत करायला सांगितलं होतं. देऊळ नाही."
हे बोलताना त्यांच्याच हातात निर्माल्याची पिशवी होती. ढिगावर ठेवली, हात जोडले, आणि परत माझ्याकडे वळून ओरडायला सुरुवात.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

९ डिसें., मंगळ.
वास यायला लागला. येणारच, उलथलाय कुठे. तळमजल्यावरून दोन तक्रारी. दुपारी पाटी काढून टाकली. चार वाजेपर्यंत तीन फोन : पाटी का काढली, आमच्या भावना नाहीत का. वास नको म्हणणाऱ्यांपैकीच एक त्यात. पाटी परत लावली. डोकं उठलंय. एका खताच्या ढिगापायी मला कुणी नास्तिक म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी स्वतः दर शनिवारी मारुतीला जातो.

हिराबाईवर उगाच ओरडलो. काड्यांतल्या चुनऱ्या काढत बसली.

१४ डिसें., रवि.
सकाळी सातला गेलो तर हिराबाई आधीच आलेली. केस ओले, अनवाणी. ढिगाला नमस्कार केला, वरची फुलं ओंजळीनं उचलून टोपलीत ठेवली, खालचं सगळं हातांनी उलथलं. फावडं नाही, काही नाही. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "तुमी आंघोल केली?" केली नव्हती. बाजूला उभा राहिलो. दोन तास लागले. उठताना गुडघा धरून भिंतीला टेकली.

खाली काळं, भुसभुशीत खत. वास पावसाळी मातीचा. मला एकदम भरून आलं. मंगळवारी ओरडलो ते आठवून जास्तच. तसं तिला म्हणालो. "दादा, चा सांगा," म्हणाली.

१९ डिसें., शुक्र.
शेवटचा गुरुवारही आटोपला. हिराबाईनं परत एकदा ढीग उलथला. दोन गोण्या खत चाळून कमिटीसाठी तयार. परवा मीटिंग. आता नाही म्हणायला काही कारणच राहिलं नाही त्यांना.

२१ डिसें., रवि.
मीटिंग. खत हातात घेऊन सगळ्यांनी वास घेतला, वा वा केलं. मग नाईककाका उठले. जागा फार प्रसन्न झालीय, ती कायम ठेवावी, हिराबाईंना सोसायटीनंच कामावर घ्यावं. टाळ्या. मीही वाजवल्या. वेड्यासारख्या.

मग मॅडम : "फक्त तुमचा कापलेला पाला आता तिथे नको. बरं दिसत नाही. हेजचं काम आपण मशीनवाल्याला देतोय, तो पाला बाहेर नेतो."
विचारलं, बाहेर कुठे?
"ते त्याचं तो बघेल."

गेटवर हिराबाई थांबली होती. तिला मीटिंगमधल्या कुणीतरी आधीच सांगितलेलं.
"नुसती फुला घान मारतील, दादा. काड्या कोन देल मना?"
मी खिशात स्कूटरची किल्ली चाचपायला लागलो.
"तुमी नको बोललाव तर मी नाय सांगते त्यांना."

तेही खरंच सांगेल, मला माहीत आहे. नको म्हणावं तर कात्री घेऊन उभं राहायचं काम सोडून माझ्याकडे तिला द्यायला काय आहे? आणि जा म्हणावं, तर मला राग येतोय. तिचा नाही. कुणाचा ते कळत नाही. रागाच्या भरात उद्या सांगतो म्हणालो आणि स्कूटर काढली.

उद्या सात वाजता ती गेटवर उभी असेल.