दीपमालाच्या चौकटीतली कवडी

३ फेब्रुवारी
परवा कॉलेजकडून कोकणात. खडकावर पाइपची चौकट ठेवायची, आतल्या समुद्री गोगलगायी मोजायच्या, किती जातीच्या ते लिहायचं. ज्याचं काम भारी, त्या एकाला सर मे महिन्यात गोव्याच्या ट्रेनिंगला पाठवणार. म्हणजे मलाच. समुद्र अजून पाह्यला नाय, पण गोगलगाय काय पळून जाते का.
पार्टनर दीपमाला, बिडकीनची. चौकट मात्र ज्याची त्याची. कधी हसत नाय. तिलाबी गोवा पायजे. गोवा मिळालं तर बाप पुढं शिकवणार, नायतर बस घरी.
औरंगपुऱ्यातल्या दुकानातून ठिपक्यांची मोठी कवडी घेतली, शोपीसची. तिची मजा घ्यायला.

६ फेब्रुवारी, रत्नागिरीजवळ
अकराला गेलो तर खडक पाण्याखाली. सर म्हणे सकाळी सातला ओहोटी होती. मला काय ठाऊक. आपल्याकडं नळ एकदा गेला की हप्ताभर येत नाय, मला वाटलं तसंच.
दीपमालाचे आकडे उतरवून घेतले. कुठं एक वाढवला, कुठं दोन कमी. उद्या पहाटे उठायचंच.

७ फेब्रुवारी
उठलो. ती दुसरीकडं वळल्यावर तिच्या चौकटीत कवडी ठेवली. ती दचकणार, मी हसणार, खलास.
दचकली नाय. खाली बसली. म्हणाली, राजकुमार, बघ ना रे. पहिल्यांदा हसताना पाह्यली. सर म्हणाले असली कवडी इथं त्यांनी कधी पाह्यली नाय. लई फोटो काढले.
जेवताना सांगतो.

रात्री
मासा काटेरी होता. बोलता आलं नाय.

१२ फेब्रुवारी, घरी
सरांनी फोटो मुंबईच्या एका मॅडमला पाठवले, कवड्यांतल्या जाणकार. गोव्याला दीपमालाचं नाव पक्कं. तिनं माझ्यासमोर बापाला फोन लावला. एका अर्थानं मीच पाठवतोय तिला.
तरी मॅडमचं उत्तर यायच्या आत सांगून टाकायचं. सोमवारी.

१६ फेब्रुवारी
काल शिवरात्रीची भगर लई झाली. पोट. कॉलेजला गेलो नाय.

२० फेब्रुवारी
उत्तर आलं. वॉर्निश मारलेली, दुकानातली.
सरांना वाटलं, गोव्यासाठी तिनंच ठेवली. सगळ्यांसमोर म्हणाले, पोरी, मेहनत करत होतीस ना, मग हे कशाला? तिचे सगळे आकडे बाद. ती म्हणाली, सर, मी नाय ठेवली. दोनदा म्हणाली.
मी खिडकीबाहेर बघत होतो. एक जण गाडीला किक मारत होता, चालू होईना.
सांगणारच होतो. पण सर तापलेले. अशात बोललो असतो तर तिलाच अजून त्रास.

२३ फेब्रुवारी
सर म्हणाले, राजकुमारचं काम साधं, पण सच्चं. गोव्याला तू जा.
नाय म्हणणार होतो. त्यांनी कागद पुढं सरकवला, सही कर म्हणाले. खिशात पेन नव्हता. मागं दीपमाला बसलेली, तिनं दिला. सही केली.
परत द्यायला गेलो. म्हणाली, राहू दे, तिकडं लागंल.